आईच्या दगडावरचा आकडा

दगड चांगला झाला होता. हे ज्योत्स्नानं मनाशी आधी मान्य करून टाकलं, कारण त्यापुढं जे मान्य करावं लागणार होतं ते तिला दिसलं होतं.

काळा, गुळगुळीत, कडेला बारीक वेलीची नक्षी. वर क्रूस. खाली ‘रूथ शमुवेल आढाव, प्रभूमध्ये निद्रिस्त’, मग जन्माची तारीख, मग गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरची. आणि सगळ्यात शेवटी, एकट्या ओळीत: नीतिसूत्रे २१:९.

शुभदावहिनी शेजारी फतकल मारून झेंडूच्या माळांचा गुंता सोडवत होती.

“वहिनी, एकतीस-दहा ठरलं होतं ना?”

“हो. सद्गुणी स्त्री कोणाला मिळते, तेच. का गं?”

“इथं एकवीस-नऊ आहे.”

शुभदानं हात पदराला पुसले आणि फोनमध्ये वचन शोधलं. मोठ्यानं वाचायला लागली, “भांडखोर बायकोबरोबर ऐसपैस घरात राहण्यापेक्षा...” आणि थांबली.

“पुढं?”

“...धाब्याच्या कोपऱ्यात बसलेलं बरं.”

खालच्या अंगाला घाट चढून आलेली एक गाडी लांबलचक शिटी देत स्टेशनात शिरली. शुभदानं तोंडावर हात ठेवला होता. तिला धक्का बसलाय की हसू येतंय, हे ज्योत्स्नाला कळेना. बहुधा शुभदालाही कळत नसावं.

लोणावळ्याच्या या ख्रिस्ती मंडळीचा जुना रिवाज असा, की दगडावर वचन कोरायचं नाही, नुसता अध्याय-वचनाचा आकडा कोरायचा. वचन माणसांच्या तोंडी असावं, दगडाच्या नव्हे. पहिल्या स्मृतिदिनाला सगळे कबरीभोवती उभे राहतात, पाळक दगडावरचा आकडा वाचतात, प्रत्येक जण आपापलं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ते पान काढतो आणि मग सगळे एका सुरात वाचतात. आज दुपारी चार वाजता साठेक माणसं रूथ आढावच्या कबरीपाशी उभी राहून एका सुरात काय वाचणार होती, ते या दोघींना आत्ता साडेदहा वाजता कळलं होतं.

“बाबा कुठं आहेत?” शुभदानं विचारलं.

“टाकव्याच्याही पुढं. कोंडूकाकांकडून नवा तांदूळ आणायला गेलेत. जेवणाला नवाच भात हवा म्हणाले. तिकडं फोन लागत नाही.”

ज्योत्स्नानं पर्सचा आतला कप्पा उघडला. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी तिथं फेब्रुवारीपासून होती. बाबांचं अक्षर. उभं आयुष्य इंजिनात काढलेल्या माणसाचे आकडे, वेळेच्या नोंदवहीत लिहावे तसे ताठ आणि सुटे. नाव, तारखा, आणि खाली नीतिसूत्रे २१:९. दोनाचा तीन वाटावा अशी कुठं रेघसुद्धा हललेली नव्हती.

तिनं त्या दिवशी जसंच्या तसं टाइप करून कामशेतच्या पाथरवट दत्ताला पाठवलं होतं. शास्त्र उघडून पाहिलं नव्हतं. पुण्यात पंचवीस वर्षं ती मुद्रितशोधन करत होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांतलं एकेक अवतरण मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय तिनं कधी सही केली नव्हती. आईचं वचन तपासायचं ती विसरली नव्हती. तिला ते पुस्तकच उघडायचं नव्हतं. वर्षभर उघडलं नव्हतं.

म्हणजे चूक बाबांची. आणि तेच नको होतं.

दादानं, म्हणजे राजेंद्रनं, तळेगावच्या फ्लॅटमध्ये बाबांची खोली रंगवून तयार ठेवली होती. त्याचा जीव होता बाबांवर, यात वादच नव्हता. पण ऑगस्टमध्ये दूध उतू जाऊन गॅस विझला आणि बाबांच्या ध्यानातच आलं नाही. सप्टेंबरात रविवार समजून शनिवारीच ते कोट घालून चर्चच्या बंद दारापुढं तासभर बसून आले. तेव्हा राजेंद्र म्हणाला होता, “आता तिसरी गोष्ट घडली की मी विचारणार नाही. बॅग भरणार.” ज्या घरात आई चाळीस वर्षं वावरली ते घर सोडून बाबा नवव्या मजल्यावर किती दिवस टिकतील, हे ज्योत्स्नाला ठाऊक होतं. राजेंद्रलाही असावं, पण त्याला गॅस दिसत होता.

तिनं चिठ्ठीची आणखी एक घडी केली आणि ती कप्प्याच्या तळाशी सारली.

*

राजेंद्र खुर्च्यांचा टेम्पो घेऊन आला तेव्हा ड्रायव्हरशेजारी भाजे गावच्या भागुबाई बसल्या होत्या. पांढरंशुभ्र लुगडं, हातात मोगऱ्याची पुडी. आई बालवाडीत शिकवायची तेव्हा या मदतनीस होत्या. बाईंचा धर्म एक, मदतनीस बाईंचा दुसरा, आणि दोघींच्या हाताखालून गेलेली पोरं तिसऱ्या-चौथ्या धर्मांची. पण खिचडी एकाच पातेल्यात शिजायची, असं आई सांगायची.

“दादा, एक घोटाळा झालाय,” ज्योत्स्ना म्हणाली. “आकडा चुकला. माझ्या हातून.”

राजेंद्रनं वाकून दगड पाहिला. त्याला फोनमध्ये शोधावं लागलं नाही. मंडळीच्या कमिटीचा तो सेक्रेटरी. वचनं त्याला पाठ होती. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“एकवीस-नऊ,” तो म्हणाला. “आईच्या कबरीवर.”

“हो.”

“जगाच्या पुस्तकांत वेलांट्या शोधत फिरतेस. घरच्या दगडावर दोन आकडे टाकायचे होते, दोन.”

“हो.”

“नुसतं हो काय म्हणतेस? भांड तरी.”

“भांडून काय होणार? चूक आहे.”

“काय लिवलंय त्यात?” भागुबाईंनी विचारलं.

शुभदानं हलक्या आवाजात अर्थ सांगितला: भांडखोर बायकोपेक्षा घराच्या छपरावरचा कोपरा बरा. भागुबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

“मंग खोटं काय हाय त्यात?” त्या म्हणाल्या. “रूथबाई भांडायची. बालवाडीच्या सायबाशी भांडली, पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडली. माझ्या मालकाला तर दारात उभा करून असा झाडला व्हता, की त्यानं बाटलीच सोडली.”

“मावशी, हे कबरीवर लिहायचं असतं का?”

“मला काय म्हाईत बाबा, कुटं काय लिवायचं असतंय. मी आपली जे घडलं ते सांगते.”

शुभदानं माळ दगडाच्या तळाशी आडवी धरून पाहिली. “असं झाकलं तर?”

“पाळक आकडा कसा वाचणार मग? फुलं बाजूला करून?” राजेंद्र म्हणाला.

“त्यांना आधीच सांगून ठेवा की. ते दगडाकडं बघत एकतीस-दहा म्हणतील.”

“आईच्या कबरीपुढं उभं राहून पाळकाला खोटं बोलायला लावू?”

“मग तुम्ही सुचवा. मघापासून ओरडताय नुसते. ज्योत्स्नाताई फेब्रुवारीपासून त्या दत्ताच्या मागं लागून एकटी सगळं बघत होती. आपण काय केलं? खुर्च्या आणल्या.”

सकाळी पुलावात मटार किती, यावरून वहिनी ज्योत्स्नाशी फुरंगटली होती. आता ती तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, अगदी शब्दशः, दोन पावलं सरकून. ज्योत्स्नाला बरं वाटलं आणि अपराध्यासारखंही. जी चूक आपण केलीच नाही तिची माफी मागणं सोपं होतं. तिच्यासाठी कुणी आपली बाजू घेणं अवघड.

दत्ताला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तुमी नंबर धाडला तसा टाकला. आमच्याकडं लोक मोबाईलचा नंबर बी टाकत्यात. मी काय इचारत न्हाई.” तरी तासाभरात मोटरसायकलवर आला. पिशवीत छिन्न्या, हातोडी. उकिडवा बसून त्यानं बोटानं आकडे चाचपले.

“दोनाचा तीन हुईल. खाली येक वळसा वाढवायचा. पर नवाचा दहा कुटून करू? दगडाला खोडरबर न्हाई. जे हाय त्यात वाढवता येतंय, कमी करता येत न्हाई.”

“म्हणजे एकतीस-नऊ होईल,” राजेंद्र म्हणाला. “त्यात काय आहे? आपलं तोंड उघड आणि न्याय कर.”

“त्ये बी शोभंल तिला,” भागुबाई म्हणाल्या. शुभदानं यावेळी तोंडावर हात ठेवायला उशीर केला.

ज्योत्स्ना दगडाकडं टक लावून पाहत होती. कच्च्या प्रतीत एखादी ओळ अडली की ती अशीच पाहायची, जागा किती आहे, काय मावेल. दोन टिंबांच्या आणि नवाच्या मध्ये बोटभर मोकळा दगड होता.

“दत्ता, नवाच्या आधी एक दोन बसेल?”

“बारका बसंल.”

“मग एकतीस-एकोणतीस. दादा, बघ. पुष्कळ स्त्रिया गुणानं वागल्या, पण तू सगळ्यांच्या पुढं गेलीस.”

राजेंद्रनं ओठ हलवत वचन मनात म्हणून पाहिलं. त्याचे कान हळूहळू मूळ रंगावर आले. “हे बरंय,” तो म्हणाला. “हे दहापेक्षाही बरंय. कुठं तरी कामाला आलीस.” आणि त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. एवढ्यावर सगळं मिटलं होतं. कुणाची बॅग भरली जाणार नव्हती, कुणाचं खोटं उघडं पडणार नव्हतं. दत्तानं खडूनं वळसा आखला आणि छिन्नी टेकवली.

“थांब रे बाबा,” फाटकातून आवाज आला.

*

बाबा जीपमधून उतरत होते. मागून कोंडूकाका तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन. ते जीपमध्ये ठेवलं तरी चालेल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून पटलं नसतं. दोघं एकाच इंजिनावर होते, बाबा चालक आणि कोंडूकाका मदतनीस. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारं इंजिन. गाडीचं नाव पुढच्या इंजिनाला, मागच्याला कुणी ओळखत नाही, असं बाबा म्हणायचे. आणि आई म्हणायची, मला नका सांगू, मी रोज तेच करते.

“काय चाललंय?”

“काही नाही बाबा,” ज्योत्स्ना घाईनं म्हणाली. “माझ्याकडून आकडा चुकला होता, तो दुरुस्त करून घेतोय. झालंच.”

बाबांनी चष्मा पुसला, वाकले, वाचलं. बराच वेळ वाकलेले राहिले.

“बरोबर आहे की,” ते म्हणाले.

“बाबा, एकतीस-दहा ठरलं होतं,” राजेंद्र म्हणाला.

“ते तू ठरवलं होतंस. मी एकवीस-नऊ लिहून दिलं. चिठ्ठी असेल हिच्याकडं. ही कागद टाकत नाही.”

आता इलाज नव्हता. ज्योत्स्नानं चिठ्ठी काढून राजेंद्रच्या हातात दिली. त्यानं ती वाचली, मग बहिणीकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग कमी होता, दुसरंच काहीतरी जास्त होतं.

“तुला माहीत होतं. माझ्यापासून लपवलंस.”

“दादा...”

“मी काय राक्षस आहे का? बाबांची चूक झाली असती तर मी काय त्यांना फाडून खाल्लं असतं?” मग तो बाबांकडं वळला आणि आवाज मऊ करून, रुग्णाशी बोलावं तसं म्हणाला, “बाबा, तुमचा थोडा गोंधळ झाला असेल. होतं या वयात.”

तो आवाज ऐकून ज्योत्स्नानं मान फिरवली. हीच ती तिसरी गोष्ट.

“गोंधळ?” बाबा म्हणाले. त्यांनाही तो आवाज ओळखू आला होता. “मानसी कुठं आहे? तिला म्हणावं, आजीचं शास्त्र घेऊन ये. उशापाशी आहे अजून.”

*

राजेंद्रची मुलगी मानसी दहा मिनिटांत स्कूटीवरून आली. कापडी कव्हर घातलेलं जाड पुस्तक तिनं ओढणीत गुंडाळून आणलं होतं. बाबांनी ते हातात घेतलं नाही. ज्योत्स्नाकडं बोट केलं.

“तू वाच. आकड्यांचं तुला कळतं.”

वर्षभर जे टाळलं ते असं, खुर्च्यांच्या चळतीशेजारी, पोतं आणि छिन्न्यांच्या मध्ये उभं राहून उघडावं लागलं. कव्हरला अजून आईच्या हाताच्या तेलाचा वास होता. पानं नीतिसूत्रांपाशी आपोआप उघडली. एकविसाव्या अध्यायाचा समास पेन्सिलीच्या बारीक अक्षरांनी भरला होता. वर जागा संपली म्हणून खाली, खाली संपली म्हणून आडवं. नवव्या वचनापासून निघालेली एक रेघ सगळ्या नोंदींना बांधून ठेवत होती.

ज्योत्स्ना वाचू लागली.

“चौदा मे त्र्याऐंशी. हे गच्चीत जाऊन बसले. चहा पाठवला.”

“गच्चीत?” शुभदा म्हणाली.

“आमच्या स्वयंपाकघरावर एवढीशी गच्ची आहे ना,” बाबा म्हणाले, “टाकीच्या कोपऱ्यात. आमचं वाजलं की मी वर जायचो. दुसरं धाबं कुठं होतं मला?”

“ऑगस्ट चौऱ्याऐंशी. गच्चीत. पाऊस. राजूच्या हाती छत्री पाठवली. राजू वर जाऊन स्वतःच छत्रीखाली उभा राहिला, हे भिजले.”

मानसी फिसकन हसली. “पप्पा!”

“मी आठ वर्षांचा होतो,” राजेंद्र म्हणाला.

“नाताळ नव्वद. गच्चीत. करंज्या पाठवल्या. परत आल्या नाहीत, म्हणजे राग गेला.” तिनं पान तिरपं केलं. “जून चौऱ्याण्णव.” आणि थांबली.

“वाच,” बाबा म्हणाले.

“जून चौऱ्याण्णव. ज्योत्स्नाच्या पुण्याच्या कॉलेजवरून. पाठवा म्हणाले, मी नको म्हटलं. हे गच्चीत. चूक माझी. चहात आलं घातलं.”

ज्योत्स्नाला तो दिवस आठवत होता. वर चहा घेऊन तीच गेली होती. पेला गरम होता म्हणून ओढणीच्या टोकात धरला होता. आलं आहे का बघ, असं बाबांनी तिलाच विचारलं होतं, आणि तिनं वास घेऊन हो म्हटल्यावर ते हसले होते. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली होती, जा पुण्याला, तुझ्या बाबांना मी समजावलंय. तीस वर्षं तिनं ते खरं मानलं होतं. आईनं भांडण हरून शिवाय श्रेयही घेतलं होतं. इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज इथं जरा हलला. पण तो रडण्याकडं गेला नाही, हसण्याकडं गेला, आणि तिनं त्याला जाऊ दिलं.

“शेवटचं वाच,” बाबा म्हणाले. “आडवं लिहिलंय ते.”

अक्षर इथं मोठं आणि डुगडुगतं होतं. “जुलै. आज वाजलं. हे वर गेले नाहीत. म्हणाले, गुडघे चढू देत नाहीत. समोरासमोर बसून मिटवावं लागलं, फार वेळ गेला. माझ्या दगडावर हेच वचन घाला. एकतिसावा नको, तो सगळ्यांच्याच दगडावर असतो. त्यातल्या बाईचा दिवा रात्रीही विझत नाही. मला झोप हवी आहे.”

कोंडूकाकांनी पोतं खाली ठेवलं. इतका वेळ ते खांद्यावरच होतं.

“सांगितलं का नाहीत बाबा?” राजेंद्रनं विचारलं. आवाज आता रुग्णाशी बोलण्याचा नव्हता.

“सांगितलं असतं तर तू कमिटीपुढं ठेवलं असतंस.”

राजेंद्रनं पुस्तक बहिणीच्या हातून घेतलं, स्वतः वाचलं, परत वाचलं. “लोक हसतील,” तो म्हणाला, पण नुसतंच, म्हणायचं म्हणून.

“हसू दे की,” भागुबाई म्हणाल्या. “ती असती तर पयली हसली असती. तुमच्या देवाला बी कळत असंलच की, बाई कशी व्हती.”

“मंग छिन्नी भरू का पिशवीत?” दत्तानं विचारलं.

राजेंद्रनं खिशातून रुमाल काढला आणि दगडावरची खडूची रेघ पुसून टाकली.

*

चारला साठाच्या जागी ऐंशी माणसं आली. एकमेकांना ‘सलाम, सलाम’ करत लोक खुर्च्यांवर बसले, गीत झालं, प्रार्थना झाली. तरुण पाळकांनी दगडाकडं पाहून आकडा वाचला आणि शास्त्रांची पानं सळसळली. आधी ज्यांना सापडलं ते गप्प झाले आणि शेजाऱ्याच्या पानात डोकावू लागले. पाळकांना सापडलं तेव्हा त्यांनी राजेंद्रकडं पाहिलं. राजेंद्रनं मान डोलावली, सेक्रेटरीनं ठराव मंजूर करावा तशी.

ऐंशी माणसांनी ते वचन एका सुरात वाचलं. सूर सुरुवातीला बिचकत होता. धाब्याच्या कोपऱ्यापर्यंत येता येता मागच्या रांगेतल्या कुणा म्हातारीला हसू आवरलं नाही, आणि मग ते रांगारांगांतून पुढं आलं.

हसू ओसरल्यावर बाबा उठले. त्यांना बोलायची सवय नव्हती. घरच्या प्रार्थनेतही ते फक्त आमेन म्हणायचे.

“हे वचन मी चाळीस वर्षं पाळलं,” ते म्हणाले. “कोपऱ्यात बसलो. पण हे लिहिणाऱ्या शलमोन राजाच्या धाब्यावर खालून चहा येत होता का, ते शास्त्रात लिहिलेलं नाही. माझ्याकडं यायचा. तो तिनं वचनात घातला.” थोडं थांबून म्हणाले, “एवढंच.”

आणि बसले. पाळकांनी तयार करून आणलेला उपदेशाचा कागद घडी करून खिशात ठेवला. आता त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं ते म्हणाले आणि गीताचा क्रमांक सांगितला.

*

घरी पंगती उठल्या. नव्या तांदळाचा वास भांड्यांना, पडद्यांना, माणसांच्या कपड्यांना लागला होता. कोंडूकाकांनी तीनदा भात घेतला आणि तिन्ही वेळा, “माझाच हाय, नावं ठिवू नका,” म्हणाले. दिवेलागण झाली तसे लोक पांगले. ज्योत्स्नानं पातेली मोजली, खुर्च्या मोजल्या, माणसं मोजली. दादा नव्हता.

“पप्पा वर आहेत,” मानसी म्हणाली. “मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही.”

शुभदानं वर पाहिलं. “तुझ्यावर रागावलेत, ज्योत्स्नाताई. आकड्याचं नाही. तू त्यांना चिठ्ठी दाखवली नाहीस त्याचं. म्हणत होते, बहीण मला घाबरते हे मला आज कळलं.”

ज्योत्स्नानं गॅस पेटवला. पाणी, साखर, पत्ती. ओट्याजवळच्या खुर्चीत बाबा पेंगत होते, डोळे न उघडताच म्हणाले, “आलं घाल.”

तिनं आलं किसून घातलं. किती घालायचं ते तिला कळेना, म्हणून जास्तच घातलं. पेला मानसीच्या हाती दिला. मानसीनं तो ओढणीच्या टोकात धरला आणि जिना चढली.

मग वरून राजेंद्रचा आवाज आला.

“ज्यो!”

“काय?”

“या जिन्याला कठडा नाही. बाबा चढतात कसे?”

“चढत नाहीत. गुडघे.”

चहाचा एक मोठा भुरका खालपर्यंत ऐकू आला.

“दोन्ही बाजूंनी लावून घेऊ. उद्या माणूस बघतो. इथली हवा सोडून ते काय तळेगावात बसणार आहेत.” आणि थोड्या वेळानं, “आलं फार झालंय.”

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. पण त्यांच्या गालाची सुरकुती हलली, हे ज्योत्स्नाला दिसलं.

तिनं आईचं शास्त्र ओट्याच्या कोरड्या बाजूला उघडलं. समासात जागा उरली नव्हती, पण ती शोधणं हा तिचा धंदाच होता. आडव्या ओळीच्या खाली, पानाच्या अगदी कडेला, बोटभर कागद मोकळा होता. तिनं पर्समधली पेन्सिल काढली, टोक पाहिलं आणि बारीक अक्षरात आजची तारीख घातली. पुढं लिहिलं: राजू गच्चीत. चूक निम्मी माझी. चहा पाठवला.